पन्नाशींतील बग्गी

प्रत्येक वयाला कोणते छंद शोभतात आणि कोणते शोभत नाहींत, याची एक यादी समाजानें कोठेंहि न लिहितां तयार करून ठेविलेली असते. पन्नाशी गांठलेल्या गृहस्थानें गुलाबाचीं कलमें करावीं, बुद्धिबळाचा पट मांडावा, जुनीं नाणीं जमवावीं किंवा पहांटे काठी घेऊन दोन मैल फिरून यावें. त्याला कोणी हंसत नाहीं. उलट त्याच्या विरंगुळ्याचें कौतुकच होतें. परंतु तोच गृहस्थ रविवारीं सकाळीं एका हातांत खेळण्यांतली मोटार आणि दुसऱ्या हातांत रबरी चाकांचा डबा घेऊन घराबाहेर पडला, तर शेजारी आधीं त्याचा नातू कोठें आहे तें पाहूं लागतात. आमची गणना या दुसऱ्या वर्गांत होते. नातू आम्हांला अद्याप झालेला नाहीं. मोटार आमची आहे, आणि ती आम्ही स्वतः शर्यतींत पळवितों. याबद्दलची आमची कैफियत वाचकांपुढें मांडावी, हाच या लेखाचा हेतु.

प्रथम ही वस्तु म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. बग्गी म्हटल्याबरोबर मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढें दोन उमदे घोडे, पितळी दिवे आणि आंत बसलेले एखादे सरदार उभे राहतील. आमच्या बग्गीला घोडे नाहींत आणि आंत बसावयास जागाहि नाहीं. वाळूंत व खांचखळग्यांत धांवण्यासाठीं अमेरिकेंत ज्या उघड्या, रुंद चाकांच्या मोटारी बनविल्या गेल्या, त्यांना तिकडे बग्गी म्हणतात. त्यांच्या धर्तीवर एक-दशांश आकारानें केलेली गाडी म्हणजे आमचें वाहन. लांबी सुमारें ४० सेंटिमीटर आणि वजन सुमारें दीड किलो. पोटांत विजेची मोटर, एक बॅटरी, पुढचीं चाकें वळविणारें एक लहानसें यंत्र आणि रेडिओच्या लहरी पकडणारी एक डबी. चालक अर्थात् आपण. पण आपण गाडींत नसतों. शर्यतीच्या वाटेच्या एका कडेला उंच मंच असतो, त्यावर हातांत रेडिओची पेटी घेऊन आपण उभे.

या खेळांतील सारी गोम या अंतरांत आहे. गाडी आपल्यापासून दूर जात असते तोंपर्यंत आपली उजवी बाजू तीच तिची उजवी बाजू. ती वळून आपल्याकडे येऊं लागली, कीं तिची उजवी बाजू ती आपली डावी होते. नवशिक्याचा हात येथें हटकून उलटा फिरतो आणि गाडी कठड्यावर आदळते. यावर बुद्धीनें हिशेब करून भागत नाहीं, कारण हिशेब होईपर्यंत गाडी कठड्यापर्यंत पोंचलेली असते. उपाय एकच : मनानें मंचावरून उतरून गाडींत जाऊन बसावयाचें आणि तिच्या जागेवरून पाहावयाचें. लहान मुलांना हें आठवड्याभरांत साधतें. मोठ्या माणसांना पुष्कळ दिवस लागतात. दुसऱ्याच्या जागेवरून पाहण्याची संवय वयाबरोबर कमी होत जाते, असा याचा अर्थ कोणी काढल्यास आमची तक्रार नाहीं.

या खेळाचा जन्म जपान व अमेरिका यांमध्यें वांटला गेला आहे. जपानांतील शिझुओका शहरांत १९४६ सालीं तामिया नांवाची लाकूड कापण्याची एक वखार निघाली. पुढें ती लाकडी प्रतिकृतींकडे आणि तेथून प्लॅस्टिकच्या प्रतिकृतींकडे वळली, आणि १९७६ सालीं तिनें रेडिओवर चालणारी आपली पहिली मोटार बाजारांत आणली. ती गुळगुळीत जमिनीवरची होती. १९७९ सालीं 'रफ रायडर' आणि 'सँड स्कॉर्चर' या दोन बग्ग्या आल्या, आणि खेळण्यांतली मोटार मातींत उतरली. १९८४ सालीं याच कारखान्यानें 'ग्रासहॉपर' आणि 'हॉर्नेट', म्हणजे टोळ आणि गांधीलमाशी, अशा दोन साध्या व स्वस्त बग्ग्या काढल्या. त्यांनीं जगभरच्या मुलांना वेड लाविलें. त्याच सालीं कॅलिफोर्नियांतील असोसिएटेड या कंपनीची 'आर-सी-टेन' ही सोनेरी ॲल्युमिनियमच्या सांगाड्याची गाडी निघाली. ती मात्र खेळणें म्हणून घडविलेली नव्हती, शर्यतीसाठींच घडविलेली होती. १९८५ सालीं कॅलिफोर्नियांतील डेल मार येथें अशा बग्ग्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. १९८७ सालची स्पर्धा इंग्लंडांत रॉम्सी येथें भरली, आणि चारहि चाकांना गति देणाऱ्या गाड्यांच्या वर्गांत मासामी हिरोसाका या जपानी तरुणानें नॉर्दॅम्प्टनच्या शूमाकर कंपनीची गाडी चालवून अजिंक्यपद मिळविलें. त्या वर्षीं आम्ही तेरा वर्षांचे होतों, इंग्लंडांतच होतों, आणि आमच्या हातांत गांधीलमाशी होती.

आमचे वडील पुण्याहून डॉक्टरकी शिकून १९७० नंतरच्या दशकांत इंग्लंडांत आले आणि मध्य भागांतील एका गांवीं स्थायिक झाले. घरांत त्यांना सर्वजण नाना म्हणतात. १९८६ सालीं आमच्या बाराव्या वाढदिवसाला नानांनीं हॉर्नेटचें खोकें आणलें. आजच्या खेळण्यांप्रमाणें तें उघडून लगेच खेळण्याजोगें नव्हतें. आंत शंभराहून अधिक सुटे भाग, स्क्रूंच्या पुड्या आणि चित्रांचें एक पुस्तक होतें. गाडी आपली आपणच जोडावयाची. नानांनीं जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलें आणि एक नियम घालून दिला : पान पुरतें वाचल्याशिवाय एकहि स्क्रू पिळावयाचा नाहीं. चार संध्याकाळीं गाडी तयार झाली. दांत्यांच्या चक्रांची पेटी कशी बसते, मागचीं दोन चाकें वळणावर वेगवेगळ्या वेगानें कां फिरावीं लागतात, तेलाच्या नळ्या धक्का कसा गिळतात, हें आम्ही त्या टेबलावर शिकलों. पुढें शाळेंत यंत्रशास्त्राचे धडे आले तेव्हां त्यांतले बरेचसे आमच्या ओळखीचे निघाले.

शर्यती शनिवारीं संध्याकाळीं एका शाळेच्या व्यायामशाळेंत होत. त्या वेळच्या व्यवस्थेंतील एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. गाड्यांचे रेडिओ २७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत चालत, आणि प्रत्येकाची लहर त्यांत बसविलेल्या स्फटिकावर ठरे. एकाच लहरीचे दोन रेडिओ एकदम सुरू झाले, तर एकाच्या हुकुमानें दुसऱ्याची गाडी धांवे. म्हणून दाराशीं एक फळी टांगलेली असे आणि तिच्यावर प्रत्येक लहरीच्या रंगाचा एक चिमटा. आपल्या रंगाचा चिमटा हातांत आल्याशिवाय रेडिओचें बटण दाबावयाचें नाहीं, आणि काम झाल्याबरोबर चिमटा परत फळीवर लावावयाचा. कोणी देखरेख करीत नसे, आणि तरी नियम मोडल्याचें आम्हीं क्वचितच पाहिलें. कारण नियम मोडणाराची गाडीहि त्याच लहरीवर असे.

फेऱ्या मोजावयास यंत्र नव्हतें. प्रत्येक गाडीमागें एक पालक कागद आणि पेन्सिल घेऊन बसे. गाडी समोरून गेली कीं एक उभी रेघ. चार रेघा झाल्या कीं पांचवी आडवी. नाना दवाखान्यांतून परस्पर तेथें येत आणि गळपट्टाहि न सोडतां रेघा ओढीत. आमची आई शेजारीं बसून विणकाम करी.

हा छंद सुटला कसा, त्याची कथा लांब नाहीं. परीक्षा आल्या, कॉलेज आलें, नोकरी आली, संसार आला. कोणी मनाई केली नाहीं आणि आम्हींहि कांहीं त्याग केला असें नाहीं. हॉर्नेट खोक्यांत गेली, खोकें माळ्यावर गेलें, आणि तीसपेक्षां अधिक वर्षें गेलीं.

मध्यंतरीं आमच्याच वयाच्या असंख्य लोकांना एकाच वेळीं माळ्याची आठवण झाली असावी, कारण कारखानदारांनीं ती बरोबर ओळखली. तामियानें हॉर्नेट २००४ सालीं आणि ग्रासहॉपर २००५ सालीं पुन्हां बाजारांत आणली. असोसिएटेडनें २०१३ सालीं आर-सी-टेनची पुनरावृत्ति काढली. तेंच खोकें, तेंच चित्र, जवळजवळ तेच सांचे. विकत घेणारे बहुतेक चाळिशी-पन्नाशीचे. त्यांतील अनेकजण गाडी जोडतात, रंगवितात आणि कांचेच्या कपाटांत ठेवितात. त्यांत वाईट कांहीं नाहीं. देव्हाऱ्यांतल्या मूर्तीला कोणी धांवण्यास सांगत नाहीं. परंतु बालपणाकडे परतण्याचा हा एक मार्ग झाला. दुसरा मार्ग शर्यतीच्या वाटेवरून जातो, आणि तो फारच वेगळ्या ठिकाणीं नेतो.

आम्ही दुसऱ्या मार्गाला लागलों त्याला निमित्त नाना होते. २०१९ सालीं आई वारली. पुढच्या वर्षीं नाना आपलें घर मोडून आमच्याकडे राहावयास आले. सारें आयुष्य रोग्यांशीं बोलण्यांत गेलेला हा माणूस आमच्या घरीं हळूहळू मुका झाला. प्रकृति वयाच्या मानानें उत्तम, भूक ठीक, वर्तमानपत्राचें वाचन नेमानें. पण संभाषण म्हणून उरलें नाहीं. "औषध घेतलें का?" "घेतलें." "चहा ठेवूं का, मामंजी?" "ठेव." हवा गार आहे किंवा नाहीं, यावर एक-दोन वाक्यें. आमचे चिरंजीव चौदा वर्षांचे. त्यांचें जग त्यांच्या खोलींत. एका छपराखालीं तीन पिढ्या राहात होत्या, जेवावयाला एका टेबलावर बसत होत्या, आणि तिघांना मिळून बोलावें असा एकहि विषय घरांत नव्हता. ज्या वाचकांच्या घरीं वडीलधारीं माणसें आहेत त्यांना हें चित्र अपरिचित नसेल. अशा वेळीं प्रेम कमी असतें असें नाहीं. पण प्रेम हा कांहीं रोज सकाळीं बोलण्याचा विषय नव्हे. बोलावयास तिसरी कांहीं तरी वस्तु समोर लागते.

२०२२ च्या हिंवाळ्यांत छपराची दुरुस्ती निघाली, माळा रिकामा करावा लागला आणि हॉर्नेटचें खोकें खालीं आलें. आम्हीं तें टेबलावर ठेवून गाडी बाहेर काढली. रबर कडक झालेलें, तेल गळून गेलेलें, बॅटरी कायमची निकामी. मागील चाकाचा एक स्क्रू ढिला दिसला म्हणून आम्ही स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आलों, तों खुर्चींतून आवाज आला, "अरे, पुस्तक कुठें आहे? आधीं पान वाच." पुस्तक खोक्याच्या तळाशींच होतें. नानांनीं चष्मा मागितला.

जुनी गाडी दुरुस्त होऊन अंगणांत धांवली खरी, पण आम्ही ती घेऊन शर्यतीला गेलों नाहीं. जवळच्या गांवांतील मंडळाकडे नुसते पाहावयास गेलों, आणि पांच मिनिटांत कळलें कीं हें जग दुसरें आहे. आमच्या वेळच्या मोटरींत कार्बनचे ब्रश असत. ते झिजत, ठिणग्या उडत, आणि दर थोड्या शर्यतींनंतर मोटर उघडून साफ करावी लागे. आतां शर्यतीच्या मोटरींत ब्रशच नसतात. वेग कमी-जास्त करण्यासाठीं आमच्या गाडींत एक सरकता पितळी संपर्क होता आणि तो तापून हात भाजे. आतां तें काम इलेक्ट्रॉनिक डबी बिनबोभाट करते. निकेल-कॅडमियमच्या सहा घटांची ७.२ व्होल्टची बॅटरी जाऊन लिथियमच्या दोन घटांची ७.४ व्होल्टची आली आहे. आकारानें तेवढीच, पण वीज तिच्यांत कित्येक पट राहते. रेडिओ २.४ गिगाहर्ट्झवर गेले. ते आपली लहर आपणच शोधून घेतात, त्यामुळें चिमट्यांची फळी इतिहासजमा झाली. फेऱ्या मोजावयास गाडींत एक चिमुकला प्रेषक बसवितात आणि वाटेखालीं तारेचें वेटोळें पुरलेलें असतें. त्यावरून गाडी गेली कीं संगणक सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत वेळ नोंदवितो. मातीऐवजीं वाट बहुधा गालिच्याची किंवा कृत्रिम गवताची असते. चाकांची पकड इतकी वाढली आहे कीं पूर्वीं मागच्या आंसापलीकडे टांगलेली मोटर आतां आंसाच्या पुढें, गाडीच्या मध्याकडे सरकविली आहे. हॉर्नेट या गाड्यांमध्यें सोडणें म्हणजे घोड्यांच्या शर्यतींत टांगा सोडण्यासारखें झालें असतें. आम्हीं एक आधुनिक गाडी, तीहि कोणी वापरून विकावयास काढलेली, घेतली, आणि मंडळाच्या वहींत नांव घातलें.

एवढें सारें बदललें, तरी जें बदललें नाहीं तें अधिक महत्त्वाचें आहे. शर्यत अजून पांचच मिनिटांची असते. गाडी आपल्याकडे येतांना अजून उजव्याचें डावें होतें. आणि एक जुना नियम अगदीं जशाचा तसा आहे : आपली शर्यत संपली कीं पुढच्या शर्यतीच्या वेळीं वाटेच्या कडेला उभें राहावयाचें, आणि ज्याची गाडी उलटेल त्याची ती सुलटी करून द्यावयाची. मंचावरचा चालक स्वतः खालीं येऊं शकत नाहीं. उलटलेली गाडी म्हणजे पाठीवर पडलेलें कांसव. तें दुसऱ्यानेंच उचललें पाहिजे. त्यांत आपला-परका, जिंकणारा-हरणारा असा भेद नाहीं. ज्यानें मघाशीं आपल्याला मागें टाकलें, त्याचीहि गाडी धांवत जाऊन उचलावयाची. हें काम टाळणाराला मंडळांत मान राहात नाहीं, मग तो कितीहि वेगवान् असो.

पन्नाशीच्या माणसाला येथें पहिला अनुभव येतो तो शरीराचा. दोन मिलिमीटरचे स्क्रू पाहावयास एक चष्मा आणि तीस मीटरवरची गाडी पाहावयास दुसरा. बोटें पूर्वींइतकी चपळ नाहींत. पण शर्यतीचा हिशेब म्हाताऱ्यांच्या बाजूचा आहे, हें लवकरच ध्यानांत आलें. एक फेरी वीस सेकंदांची धरली तर पांच मिनिटांत पंधरा फेऱ्या होतात. दर फेरीला अर्धा सेकंद सांभाळून चालविलें, तर एकूण साडेसात सेकंद जातात. उलट पूर्ण वेगानें जाऊन गाडी दोनदां उलटली, आणि कोणी येऊन उचलीपर्यंत दर वेळीं सहा सेकंद गेले, तर बारा सेकंद जातात. म्हणजे जो उलटत नाहीं तो, हळू असूनहि, पुढें राहतो. हें गणित आम्हीं तेराव्या वर्षींहि ऐकलें होतें. पण त्या वयांत हात तें ऐकत नसत.

दुसरा अनुभव मनाचा, आणि तो अधिक मोलाचा. सकाळच्या फेऱ्यांवरून चालकांची क्रमवारी लागते आणि दुपारीं दहा-दहांच्या गटांत अखेरच्या शर्यती होतात. पहिले दहा 'ए' गटांत, पुढचे दहा 'बी' गटांत, आणि असेंच पुढें. आम्ही 'ई' गटांत असतों. आमच्या शेजारीं मंचावर बहुधा दहा-बारा वर्षांचीं मुलें, एक निवृत्त शिक्षक, एक गवंडी आणि एक शाळकरी मुलगी उभी असते. या मुलीनें आम्हांला चाकांची पुढची बाजू किंचित् आंत कां घ्यावी, तें समजावून दिलें. तिकडच्या रीतीप्रमाणें ती आम्हांला सरळ नांवानें हांक मारते. दिवसभर ज्या माणसाला लोक 'साहेब' म्हणून विचारावयास येतात, त्याला बारा वर्षांच्या गुरूपुढें मान डोलवीत उभें राहणें प्रथम चमत्कारिक वाटतें, आणि नंतर त्याची ओढ लागते. गृहस्थाश्रमांत एकदां स्थिरावलेला पुरुष ज्यांत आपण कच्चे आहों अशा गोष्टींच्या वाटेला सहसा जात नाहीं. जें येतें तेंच करतो, तेंच शिकवितो आणि तेंच बोलतो. शिष्य होण्याची जागा त्याला घरींहि उरत नाहीं आणि कचेरींतहि उरत नाहीं. ती आम्हांला 'ई' गटांत मिळाली.

घरच्या मंडळींचा आक्षेप मात्र ठाम होता. "अहो, गुडघे दुखतात म्हणून देवळाच्या पायऱ्या चढवत नाहींत, आणि मंचाच्या बऱ्या चढवतात!" हा त्यांचा पहिला हल्ला. दुसरा पैशाचा आणि तिसरा रविवारांचा. तिन्हींत तथ्य होतें, म्हणून तह झाला : महिन्यांतून दोनच रविवार, गाडीवरचा खर्च आमच्या स्वतःच्या खिशाच्या पैशांतून आणि तोहि ठराविक, आणि एक नवी वस्तु घरांत यावयाची तर जुनी एक विकली गेली पाहिजे. चौथी अट बॅटरीविषयीं होती आणि ती आम्ही सर्वच नव्या लोकांना सांगतों. लिथियमची बॅटरी चिडखोर असते. तिच्या एका घटाचा दाब ४.२ व्होल्टच्या वर जातां कामा नये, आणि ३ व्होल्टच्या खालीं येतां कामा नये. ठेवून द्यावयाची असेल तर सुमारें ३.८ वर ठेवावी. ती अग्निरोधक पिशवींत ठेवूनच चार्ज करावी, झोपण्याच्या खोलींत कधीं करूं नये, आणि चार्जर सुरू ठेवून घर सोडूं नये. आमच्याकडे हें काम दिवसां, स्वयंपाकघराच्या फरशीवर, कोणी तरी जागेवर असतांनाच होतें.

आतां नानांकडे वळूं. पहिल्या रविवारीं ते आमच्याबरोबर आले ते केवळ घरीं एकटे राहावयास नको म्हणून. हॉलमध्यें त्यांनीं कडेची खुर्ची धरली, खिशांतून एक जुनें पाकीट काढून फाडलें, आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनें रेघा ओढावयास सुरुवात केली. भिंतीवरच्या पडद्यावर संगणक सारे आंकडे दाखवीत होता. आम्हीं तें त्यांना सांगितलें. "असूं दे," ते म्हणाले, "त्याचें तो मोजील, माझें मी." दुसऱ्या वेळेपासून ते घरून वही घेऊन येऊं लागले. आमची शर्यत नसे तेव्हां ते दुसऱ्या कोणाची तरी गाडी निवडून तिच्या फेऱ्या मोजीत.

तिसऱ्या कीं चौथ्या महिन्यांत असें झालें कीं, एका लहान मुलाची गाडी उलटली, तिच्यांतील प्रेषकाची तार निसटली, आणि पुढच्या फेऱ्या संगणकानें नोंदविल्याच नाहींत. मुलगा सहावा असतांना पडद्यावर शेवटला दिसूं लागला आणि रडकुंडीला आला. नाना त्याच गाडीच्या रेघा ओढीत होते. ते उठून व्यवस्थापकाकडे गेले आणि त्यांनीं वही पुढें केली. व्यवस्थापकानें रेघा मोजल्या, त्या वेळीं कडेला उभे असलेल्या दोघांना विचारलें, आणि राहिलेल्या फेऱ्या हातानें भरल्या. तेव्हांपासून तेथील मुलें नानांना येऊन विचारतात, "आज माझी गाडी मोजाल का?" ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला कोणी तरी काम सांगावें, आणि तें काम त्याच्याच्यानें नीट होणारें असावें, हें किती दुर्मिळ आहे तें वडीलधाऱ्या घरांना सांगावयास नको.

मोटारींतून घरीं परततांना आतां नाना बोलतात. बहुधा बोलणें गाडीचेंच असतें : मागचें स्प्रिंग फार ताठ आहे, चौथ्या वळणावर तूं घाई करतोस, त्या लाल गाडीच्या मुलाचा हात चांगला आहे. एकदां पावसांत परत येत होतों. बराच वेळ फेऱ्यांचा हिशेब झाला, आणि मग त्याच आवाजांत, खिडकीबाहेर पाहात ते म्हणाले, "तुझी आई तिथें विणत बसायची ना, तुझी गाडी उलटली कीं तिचा टांका चुकायचा. मग घरीं येऊन तेवढें उसवायची. त्या वर्षीं तुझा स्वेटर पुरा व्हायला मार्च उजाडला." आई गेल्यापासून तीन वर्षांत त्यांनीं आपण होऊन तिचें नांव काढलें नव्हतें. मागच्या आसनावर आमचे चिरंजीव होते; तिकडे न येण्याचा त्यांचा निश्चय कांहीं दिवसांपूर्वींच ढळला होता. त्यांनीं कानांतलीं यंत्रें काढलीं आणि विचारलें, "कोणत्या रंगाचा स्वेटर, आजोबा?" घरीं पोंचेपर्यंत आजीच्या गोष्टी चालल्या होत्या. त्यांतल्या निम्म्या आम्हांलाहि नव्या होत्या.

याचें श्रेय आम्ही बग्गीला देत नाहीं. देऊं लागलों तर घरची मंडळी हंसतील. पण एवढें मात्र निश्चित सांगूं शकतों. ज्या नानांजवळ आम्ही दोन वर्षें बसून "कसें वाटतें?" म्हणून विचारीत होतों, ते त्या प्रश्नाला कधीं बोलले नाहींत. तेच मागच्या स्प्रिंगविषयीं विचारल्यावर बोलले, आणि तेथून स्वतःच्या पायांनीं आईपर्यंत आले. माणसें समोरासमोर बसून जें सांगूं शकत नाहींत, तें शेजारीं शेजारीं बसून तिसरीकडे पाहात असतांना सांगतात. जुन्या घरांत शेंगा निवडतांना, पापड लाटतांना, विहिरीवर पाणी भरतांना हें आपोआप होई. आतां तीं कामें गेलीं. त्यांच्या जागीं कांहीं तरी योजून आणावें लागतें.

तें बग्गीच असलें पाहिजे असें मुळींच नाहीं. कोणाच्या माळ्यावर बाजाची पेटी असेल, कोणाकडे मेकॅनोचा डबा, कॅरमची फळी किंवा बंद पडलेला कॅमेरा. आमची वाचकांना सूचना एवढीच, कीं तें खालीं काढलें तर कांचेच्या कपाटांत ठेवूं नये. दुरुस्त करावें, वापरावें, आणि ज्यांनीं तें आपल्याला प्रथम शिकविलें तीं माणसें सुदैवानें घरांत असतील, तर आधीं त्यांना बोलवावें. त्यांना सल्ला मागण्याचें निमित्त म्हणून मागूं नये. आपल्याला खरोखरच येत नाहीं असें कांहीं तरी करावयास घ्यावें, म्हणजे सल्ला आपोआप लागतो.

आमच्या मंडळाची पुढची शर्यत येत्या रविवारीं आहे. तहाप्रमाणें तो रविवार आमचा नाहीं. पण घरच्या मंडळींनीं स्वतःच कळविलें आहे कीं मामंजींची नवी वही आणून ठेवली आहे, तेव्हां या वेळेपुरतें जाण्यास हरकत नाहीं.